तीन मिलिमीटर

चुरीभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी उत्तर शोधत. चप्पल काढून उंबऱ्यात उभे राहत, ऊन कुठल्या भिंतीवर पडलंय ते बघत, मग हवेत हाताने एक रेघ ओढत आणि स्वतःशीच म्हणत, "ही उत्तर." त्यानंतरच बसत. २०१४ च्या जूनमध्ये मी डहाणूत त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी ते असे दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, वास्तुशास्त्रवाले असावेत. मी जरा तुटकपणे म्हटलं की माझा त्यावर विश्वास नाही.

"माझाही नाही," ते म्हणाले. "पण बाई, माणसाला आपण कुठे उभे आहोत ते कळायला नको?"

ते भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. जमिनी मोजायच्या, हद्दी ठरवायच्या, नकाशे करायचे. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतच त्यांची बहुतेक नोकरी झाली. लोक त्यांना मोजणीसाहेब म्हणत. उंच, वाळकी काया, उन्हाने करपलेले कान, आणि सदऱ्याच्या खिशात सहा इंची पट्टी. ही पट्टी ते लग्नातही घेऊन जात. सुमनवहिनी म्हणायच्या, "जगाच्या हद्दी मोजतात, पण स्वतःचा टॉवेल कुठे असतो ते तीस वर्षांत सापडलं नाही." भाऊ त्यावर शांतपणे म्हणत, "टॉवेलाला कायम खुणा नसतात."

त्यांची बोलण्याची तऱ्हा अशी होती. सगळं मोजणीतून यायचं. दोन भावांच्या भांडणाबद्दल म्हणत, "भांडण जमिनीचं कधीच नसतं, बाई. दोन हात रुंदीच्या पट्ट्याचं असतं. बाकीची जमीन दोघांनाही दिसत नाही." कुणी गुपचूप हद्दीचा दगड सरकवला की म्हणत, "दगड नेहमी पावसाळ्यात चालतात. उन्हाळ्यात त्यांचे पाय भाजतात." सीमेवरच्या झाई गावात एका घराचं अंगण महाराष्ट्रात आणि न्हाणीघर गुजरातेत आहे, आणि तो माणूस रोज आंघोळीला परराज्यात जातो, हा त्यांचा आवडता किस्सा होता. तो खरा होता की नाही, मी कधी विचारलं नाही.

मी तेव्हा तलासरीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. रोज एसटीने जाऊन-येऊन. भाऊंचं शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचं. मराठी आणि गुजराती दोन्ही अस्खलित, इंग्रजीची मात्र अढी. त्यामुळे इंग्रजी कागद आला की तो घेऊन ते माझ्याकडे येत. विम्याचं पत्र असो, मोजणीच्या नव्या यंत्राचं माहितीपत्रक असो. मी वाचून मराठीत सांगायचे. मग ते सगळं स्वतःच्या भाषेत पुन्हा मांडायचे आणि शेवटी विचारायचे, "असंच ना?" मी म्हणायचे, "असंच." मगच कागदाची घडी व्हायची. या दोन शब्दांमध्ये त्यांचा माझ्यावरचा सगळा विश्वास होता. मला त्याचा अभिमान वाटायचा, हेही लिहायला हवं.

२०१६ च्या दिवाळीनंतर त्यांना शौचातून रक्त जाऊ लागलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. आमच्या खात्यात प्रत्येकाला मूळव्याध असते, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर जीपच्या फळकुटावर आणि तापलेल्या दगडावर बसायचं, दुसरं काय होणार? ते चूर्ण घेत राहिले. सुरण खात राहिले. वहिनींना कळलं ते धुण्यातून. जानेवारीत त्यांनी भाऊंना जवळजवळ ढकलतच डहाणूतल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बोटाने तपासलं, हात धुतले आणि खुर्ची भाऊंच्या जवळ ओढून घेतली. वहिनी मला म्हणाल्या, "खुर्ची ओढली ना त्यांनी, तेव्हाच मला समजलं."

पुढच्या तपासण्या वापीला झाल्या. भाऊंना मूल नव्हतं. पुतणे मुंबईत. वहिनींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी रजा काढून बरोबर जाऊ लागले. दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा काढून तपासला गेला. गुदाशयाचा कॅन्सर होता. सिटी स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ दिसली. मग कंबरेखालचा एमआरआय करायला सांगितला. डॉक्टर म्हणाले, गाठ आहे हे दुर्बिणीने कळलं. ती भिंतीतून किती बाहेर गेलीय आणि कशाला टेकलीय हे एमआरआयच सांगेल. त्यावरून आधी ऑपरेशन की आधी शेक, म्हणजे किरणोपचार, हे ठरेल.

हे ऐकून भाऊंचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. मोजणी त्यांना समजत होती. यंत्रातून बाहेर आल्यावर मला म्हणाले, "आत नुसती ठोकाठोक. खुंट्या मारतायत जसं काही. आणि हलू नका, हलू नका. बरोबर आहे. आमच्याकडेही मोजणीचं टेबल हललं की मोजणी गेली." फिल्म हातात येताच त्यांनी ती खिडकीच्या उजेडाला धरली आणि तिथल्या तंत्रज्ञाला विचारलं, "यात उत्तर कुठे?" तो मुलगा हसला. पण त्याने नीट समजावलं, की हे चित्र रुग्णाच्या पायांकडून वर बघितल्यासारखं असतं, त्यामुळे चित्रात डावीकडे दिसतं ते तुमचं उजवं. भाऊ खूश झाले. "म्हणजे पूर्व-पश्चिम उलटी. हे आधी लिहायला हवं कोपऱ्यात."

रिपोर्ट घेऊन आम्ही वापी स्टेशनवर बाकावर बसलो. गाडीला अवकाश होता. भाऊंनी पाकीट माझ्या हातात दिलं. मी वाचलं आणि जमेल तसं मराठीत सांगू लागले. गुदाशयाभोवती चरबीचा थर असतो. त्या थराला बाहेरून एक पातळ पडदा असतो. डॉक्टर ऑपरेशन करतात तेव्हा त्या पडद्यासकट सगळं काढतात. म्हणून पडद्याला गाठ लागलीय का, हे सगळ्यांत महत्त्वाचं. आणि इथे लिहिलंय, की गाठ भिंतीबाहेर चरबीत गेलीय, दोन लहान ग्रंथी संशयास्पद आहेत, पण पडदा क्लिअर आहे. गाठीपासून पडद्याचं सर्वांत कमी अंतर तीन मिलिमीटर.

"क्लिअर? तसंच लिहिलंय?"

मी बोट ठेवून दाखवलं. तो शब्द त्यांना ओळखू आला. जमिनीच्या व्यवहारात तो मराठीच झालाय. टायटल क्लिअर म्हणजे वाद नाही, बोजा नाही, कुणाचा दावा नाही. भाऊंनी खिशातून पट्टी काढली, तीन मिलिमीटर बघितले आणि ती माझ्यासमोर धरली.

"एकास हजारच्या नकाशावर हे तीन मीटर झाले. बैलगाडी जाईल, बाई."

मी हसले. त्या बाकावर, इतक्या दिवसांनंतर, मला हसू आलं आणि ते आवरावंसं वाटलं नाही. वहिनीही हसल्या.

"म्हणजे अतिक्रमण नाही," भाऊ म्हणाले. "टायटल क्लिअर. असंच ना?"

"असंच," मी म्हणाले.

चरबीत गेलीय आणि ग्रंथी संशयास्पद आहेत, हे मी वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं. पण ते मी हळू वाचलं आणि 'क्लिअर' मोठ्याने. मला तोच शब्द हवा होता.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं की आधी शेक आणि सोबत औषधं, मग ऑपरेशन. मुंबईला जा आणि लवकर सुरू करा. भाऊंनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर म्हणाले, एकतीस मेला निवृत्त होतो, मग जाऊ. त्यांच्या हातात एक काम होतं. तलासरी तालुक्यात उधव्याच्या पुढे एक पाडा होता. तिथली वारली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या वनजमिनीचे पट्टे त्यांच्या नावावर व्हायचे होते, आणि मोजणीशिवाय ते अडलं होतं. पाऊस पडला की मोजणी थांबते. पावसानंतर नवा माणूस येणार, त्याला पाडा कुठे आहे इथपासून सांगावं लागणार, आणि फाइल पुन्हा झोपणार. भाऊंनी तिथल्या म्हाताऱ्या जान्याबाबाला शब्द दिला होता.

वहिनी रडल्या, भांडल्या, दोन दिवस जेवल्या नाहीत. मग माझ्याकडे आल्या. "बाई, ते तुमचं ऐकतात. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. भाऊ बूट घालत होते. वर न बघता म्हणाले, "तुम्हीच वाचलंत ना, क्लिअर आहे म्हणून?"

मी म्हटलं, "वाचलं, पण भाऊ..." रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. दोन लेस बांधून होईपर्यंत ते थांबले, मग उठले आणि गेले. त्या वेळी मी रस्ता अडवून उभी राहायला हवी होती. मी तशी बाई नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी त्यांच्यासोबत त्या पाड्यावर गेले. ऊन रणरणत होतं. हातात उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र होतं, पण भाऊ ते लगेच वापरत नसत. प्रत्येक कुटुंबाला आधी स्वतःच्या जमिनीच्या कडेने चालायला लावत. "तुम्ही पुढे चाला, मी मागून येतो." माणसं चालत, भाऊ मागून चालत, आणि एक फेरी झाल्यावरच यंत्र सुरू करत. मला म्हणाले, हद्द कसणाऱ्याच्या पायाला ठाऊक असते, यंत्राला ती नंतर सांगायची. दुपारी सगळे मोहाच्या झाडाखाली बसले तेव्हा भाऊ मात्र उभेच राहिले. जान्याबाबाने घोंगडी घडी करून दिली. त्यावरही ते एका कुशीवर कलून जेमतेम टेकले. परत येताना जीपमध्ये त्यांनी पुढची दांडी धरून अंग अधांतरी ठेवलं होतं. मी बघितलंय हे त्यांना कळलं. "फक्त सहा आठवडे," ते म्हणाले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मोजणी पुरी झाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, फेब्रुवारीची फिल्म जुनी झाली, एमआरआय पुन्हा करावा लागेल. भाऊंना ते पटलं. पीकपाणी बदललं की फेरमोजणी आलीच, म्हणाले.

त्या डॉक्टर वयाने लहान होत्या, पण घाई करत नव्हत्या. त्यांनी आम्हाला संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं आणि दोन्ही वेळची चित्रं शेजारी शेजारी लावली. मला नुसते करडे ढग दिसत होते. भाऊ पुढे वाकले. पांढऱ्या चरबीभोवती एक बारीक काळी रेघ होती, केसाएवढी. पहिल्या चित्रात ती सबंध होती. दुसऱ्या चित्रात एका ठिकाणी करडा भाग तिच्यावर येऊन बसला होता आणि तेवढ्या जागी रेघ दिसत नव्हती. डॉक्टरांनी बोट ठेवायच्या आधी भाऊंनी ठेवलं.

"इथे बांध फोडलाय."

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणालात? "काही नाही मॅडम. तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितलं. गाठ आणि पडदा यांत एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी उरलं, की पडद्याला गाठ लागली असंच आम्ही धरतो. आधी तीन होतं. आता इथे काहीच उरलेलं नाही.

भाऊंनी विचारलं, "स्केल काय याचं?"

"स्केल नाही, काका. तुमच्या शरीरातले खरे मिलिमीटर. एकास एक."

"एकास एक," भाऊ म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मला पुढची वर्षं सोपी गेली असती.

मी मागे राहून डॉक्टरांना विचारलं, की फेब्रुवारीतच आलो असतो तर. त्या म्हणाल्या, तसं ठामपणे सांगता येत नाही. काही गाठी चार महिन्यांत हलत नाहीत, काही हलतात. पण तेव्हा सुरू केलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच म्हणू शकते. हे वाक्य मी अनेक वेळा उलटसुलट करून बघितलंय. त्यातून काहीच निघत नाही.

पाच आठवडे शेक आणि गोळ्या झाल्या. पुतण्याच्या घरी राहून भाऊ रोज जात. दोन महिन्यांनी पुन्हा एमआरआय. गाठ बरीच आकसली होती. पण रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की पडद्यापाशी जे काळं दिसतंय, तो बऱ्या झालेल्या जखमेचा व्रण आहे की त्यात अजून जिवंत कॅन्सर आहे, हे चित्रावरून वेगळं करता येत नाही. मी ते सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाले, "पेरणीआधी पालापाचोळा पेटवून राब भाजल्यावर शेतात काय दिसतं? सगळं काळं. बांध कुठला नि शेत कुठलं, पाऊस पडल्याशिवाय कळत नाही." त्यांनी निमताना मागितला. एकाची मोजणी मान्य नसेल तर वरच्या साहेबाकडून पुन्हा करून घ्यायची, त्याला त्यांच्या खात्यात निमताना म्हणतात. दुसऱ्या रुग्णालयातल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी तीच फिल्म बघितली. त्यांनीही तेच सांगितलं. इतकी यंत्रं, इतक्या फेऱ्या, आणि नेमकं जे हवं होतं तेवढंच दिसत नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये ऑपरेशन झालं. गुदद्वार कायमचं बंद केलं आणि पोटावर पिशवी आली. मी भेटायला गेले तेव्हा भाऊंनी चादरीवरून पिशवीवर हात ठेवला. मग म्हणाले, "बिनशेती झालो, बाई. वापर बदलून मिळाला." वहिनी हसता हसता पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. काढलेल्या भागाचा अहवाल आला. एका ठिकाणी कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी होत्या, म्हणजे आतही काही उरल्या असाव्यात.

२०१८ चं सगळं वर्ष आम्ही स्कॅनच्या तारखांमध्ये जगलो. औषधांनी भाऊंच्या बोटांना मुंग्या येत, पेन्सिल धरता येत नसे. प्रत्येक स्कॅनच्या आधी वहिनी महालक्ष्मीला नारळ देत आणि नंतर रिपोर्ट येईपर्यंत कुणाशी बोलत नसत. पावसाळ्याच्या तोंडाला जान्याबाबा आला. तलासरीहून दोन गाड्या बदलून, पिशवीत ताडगोळे घेऊन. पट्ट्यांचे कागद मिळाले, हे सांगायला आला होता. तासभर भाऊंच्या पायाशी बसला. जाताना मला एवढंच म्हणाला, "साहेब बारीक झाला." भाऊ त्या दिवशी खुशीत होते. संध्याकाळी त्यांनी मला त्या पाड्याचा नकाशा तोंडी सांगितला, कुणाच्या शेजारी कोण, कुणाच्या हद्दीवर मोह, कुणाच्या ओहळ. एकही नाव चुकलं नाही. ऐकताना माझ्या मनात सारखं येत होतं की हे काम झालं ते चांगलं झालं की नाही. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार माझा नाही असंही वाटतं.

दिवाळीनंतर कंबरेत दुखू लागलं. नंतर पाय दुखू लागला. भाऊ फेब्रुवारी २०१९ मध्ये गेले, घरीच, सकाळी. त्याच्या तीन आठवडे आधी वापीहून शेवटच्या स्कॅनचा रिपोर्ट आला. पुतण्याने पाकीट आणून दिलं आणि भाऊंनी मला बोलावलं.

ते पलंगावर कुशीवर होते. मी खुर्ची घेतली, पाकीट उघडलं, आणि पहिल्या ओळीपासून मला कळलं. मणक्याच्या खालच्या हाडात गेलं होतं. यकृतात ठिपके होते, लहान-मोठे बरेच. मी मराठी शब्द शोधू लागले. 'पसरलंय' म्हणावं की 'दिसतंय' म्हणावं. आधी कुठलं सांगावं, कुठलं नंतर. कुठलं हळू.

"बाई, मराठी नको," भाऊ म्हणाले. "इंग्रजीतच वाचा."

"कळणार नाही, भाऊ."

"तुम्ही मराठी केलंत की त्यातलं मला हवं तेवढंच मी उचलतो. इंग्रजीत उचलायला काही नाही. वाचा."

मी वाचलं. दोन पानं, वरपासून खालपर्यंत, एकसारख्या आवाजात, वर्गात धडा वाचतात तसं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. भाऊंचे डोळे मिटलेले होते. 'मिलिमीटर' हा शब्द पाच-सहा वेळा आला. प्रत्येक वेळी त्यांच्या पापण्या थोड्या हलल्या. खालची सही, डॉक्टरांची पदवी, नोंदणीचा क्रमांक, सगळं वाचून मी थांबले.

"क्लिअर कुठे आलं का?"

"नाही, भाऊ. नाही आलं."

ते मग डोळे न उघडता म्हणाले, "मध्ये थांबला नाहीत, ते बरं केलंत."